आयनांबराची रुजुवात

एखाद्या गावाचे महत्त्व तेथे कोणती राजवट नांदली, कोणता माल पिकला वा कोणती लढाई झाली यावरून ठरविण्याची आपल्या इतिहासलेखनाची रीत आहे, आणि ती वावगी नाही. परंतु काही गावांच्या वाट्याला निराळ्या जातीचे एक महत्त्व येते. ते गाव पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहे हे संशयातीत ठाऊक असल्यामुळे दुसऱ्या कशाची तरी रुजुवात तेथे करता येते. नागपूर हे अशा गावांपैकी एक होय. भोसल्यांची राजधानी, मध्यप्रांताचे मुख्य ठाणे, कापसाची आणि संत्र्यांची पेठ या नात्यांनी त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण गेल्या दोनशे वर्षांत भूमापन, विमानी टपाल आणि उपग्रहाधारित मार्गनिर्देशन या तीन उद्योगांनी या गावाला आपल्या कामात गोवले आणि तिन्ही उद्योगांना एकाच प्रतिपक्षाशी झुंजावे लागले, ही हकीकत एकत्र सांगितलेली क्वचितच आढळते. तो प्रतिपक्ष म्हणजे पाहणारा आणि पाहावयाची वस्तू यांच्यामधले अवकाश. प्रकाशाचा किरण असो की रेडिओची लहर असो, या माध्यमातून येताना ती वाकते, रेंगाळते, थरथरते; आणि तिच्यावर विसंबून आपले ठिकाण ठरवू पाहणाऱ्याला आधी तिच्या चुकीचे माप घ्यावे लागते.

या हकीकतीचा आरंभ हिंगणघाटापासून करणे उचित ठरेल. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने ज्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला, ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत सरकत विसाव्या वर्षी वऱ्हाड-नागपूरच्या सरहद्दीपर्यंत येऊन पोहोचली होती. हैदराबादेहून नागपुरास मुक्काम हलवीत असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाट येथे सत्तरीच्या घरातील हा वृद्ध मोजणीदार मृत्यू पावला, आणि त्याची कबरही तेथेच आहे. नागपूरच्या गादीवर त्या वेळी तिसरे रघूजी भोसले होते, ते अल्पवयीन असल्याने कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या हाती होता, आणि मुलखाची जमाबंदी, परगण्यांच्या हद्दी व महसुलाचा शिरस्ता यांची कैफियत लिहून काढण्याचे काम चालू होते. जेंकिन्सची मोजणी जमिनीच्या उत्पन्नाची होती, लॅम्बटनची खुद्द पृथ्वीच्या आकाराची; दोघांच्याही दफ्तरांतून आजचा विदर्भ अभ्यासकाला दिसतो.

लॅम्बटनाच्या कामाचा एक विशेष असा की, आपल्या यंत्रावर त्याने कधीही आंधळा विश्वास टाकला नाही. १८०८ साली सरफोजीराजांच्या तंजावरात, मोठ्या देवालयावर चढविताना त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोर तुटून भिंतीवर आदळला आणि त्याचे अंशांकित वर्तुळ वाकडे झाले, तेव्हा त्याने तंबूत स्वतःला कोंडून घेऊन, वर्तुळाचा एकेक भाग ओढून पूर्ववत करीत, ते यंत्र आपल्या हाताने पुन्हा कामास लावले. परंतु यंत्र निर्दोष झाले तरी किरण निर्दोष नसतो. जमिनीलगतच्या हवेची घनता उंचीनुसार बदलत असल्याने दूरच्या टेकडीवरील निशाण असते त्याहून वर दिसते, दुपारच्या उन्हात ते थरथरते, आणि रात्री थंड हवेच्या थरांमुळे क्षितिजाखालचे ठिकाणही वर उचलल्यासारखे होऊन नजरेस पडते. लॅम्बटनाचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट याने या वक्रीभवनाचा दोष मान्य केला आणि त्याच दोषाचा उपयोगही करून घेतला. रात्री दिवे लावून त्याने दूरदूरची ठिकाणे टिपली आणि वक्रीभवनाची वजावट गणिताने केली. चूक टळत नसेल तर ती मोजून हिशेबात धरावी, हा मोजणीशास्त्राचा शिरस्ता त्या काळापासून रूढ झाला.

नागपूरच्या झीरो माइलच्या आवारात १९०७ सालचा जो दगड उभा आहे, तो या परंपरेचा स्थानिक दाखला होय. हा हिंदुस्थानचा मध्यबिंदू असल्याची समजूत लोकांत दृढ आहे, आणि येणारा-जाणारा पाहुणा खांबावर कोरलेली निरनिराळ्या शहरांची अंतरे वाचतो. परंतु त्या दगडाचे शास्त्रीय कार्य याहून साधे आणि याहून मोलाचे आहे. त्रिकोणमितीय मोजणीखात्याने रोवलेली ती उंचीची प्रमाण खूण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फुटांची तिची उंची एकदा मुकर्रर झाली, आणि आसपासच्या मुलखातील कालवे, लोहमार्ग व सडका यांच्या उंचीचा हिशेब तिच्याशी ताडून पाहता येऊ लागला. जे स्वतः स्थिर आणि परिचित आहे तेच दुसऱ्याची तसदीक करू शकते, हे तत्त्व येथे दगडाच्या रूपाने लोकांच्या डोळ्यांसमोर आहे.

दुसरा प्रसंग स्वातंत्र्यानंतर अवघ्या दीड वर्षातला. रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची विमानी टपालसेवा सुरू झाली, आणि तिच्या मध्यस्थानी नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची योजना झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळचे टपाल घेऊन निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्यापूर्वी प्रत्येक विमान आपापल्या गावी परत पोहोचे. सुमारे दोन तपे चाललेल्या या व्यवस्थेमुळे मद्रासचे पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटले जाऊ लागले. व्यापाऱ्याच्या हुंडीपासून कुटुंबातील खुशालीपर्यंत किती कागद या गावाच्या अंगणातून गेले असतील याची कल्पनाच करावी.

परंतु अंधारात हे विमान नागपुरास आणावयाचे कसे? त्या काळी वैमानिकाचा मुख्य आधार म्हणजे जमिनीवरील मध्यम लहरींचे प्रक्षेपक आणि विमानातील दिशाशोधक यंत्र. प्रक्षेपकाची लहर ज्या दिशेने येते ती दिशा यंत्राचा काटा दाखवी. दिवसा हे साधन बऱ्यापैकी खरे बोलते, कारण आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा थर वर गेलेल्या मध्यम लहरी गिळून टाकतो आणि जमिनीलगतची सरळ लहर तेवढी विमानापर्यंत येते. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, वर गेलेली लहर उंचावरच्या थरांवरून परावर्तित होऊन खाली उतरते, सरळ लहरीत मिसळते, आणि काटा डळमळू लागतो. वैमानिक याला रात्रीचा परिणाम म्हणत; दिवेलागणीच्या आणि पहाटेच्या वेळी तो सर्वांत तीव्र असतो, आणि टपालाच्या विमानांचे निघणे व परतणे नेमके याच वेळांच्या आसपास होते. एका वाचनावर भरवसा ठेवू नये, अनेक वाचनांची सरासरी घ्यावी, दूरच्या प्रक्षेपकापेक्षा जवळच्याला मानावे, हे नियम अशा उड्डाणांतूनच वैमानिकांच्या अंगवळणी पडले. उपग्रह आकाशात जाण्यापूर्वीच, ज्या थराने पुढे मार्गनिर्देशनाला सतावले त्याच थराशी हिंदी वैमानिकांची गाठ पडली होती.

या थराची ओळख जगाला तोवर झालेली होती. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीचा संदेश अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा पृथ्वीच्या गोलाईला न जुमानता लहर वळली कशी, या प्रश्नाला केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ साली उंचावरील विद्युत्‌वाहक थराची कल्पना करून उत्तर दिले. १९२४ साली ॲपलटनने तो थर प्रयोगाने सिद्ध केला. आणि कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबराच्या अभ्यासाची जी शाळा उभी केली, तिचा १९४७ सालचा ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध मात्र याहून जुना, आणि तो चुंबकसूचीच्या वाटेने आलेला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम केले. पुढे विजेच्या ट्रामगाड्या मुंबईत येणार असे ठरताच, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडेल हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभारली, आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. एका यंत्राची साक्ष दुसऱ्या यंत्राने तपासण्याची ही चिकाटी आदर्श म्हणून सांगावी अशी आहे. या वेधशाळांचा वारसा चालविणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक चुंबकीय वेधशाळा नागपुरासही आहे.

चुंबकत्वाचा आणि आयनांबराचा संबंध असा निकट का, हे नागपूरच्या अक्षांशावरून स्पष्ट होते. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशात अगदी दक्षिणेकडे, तिरुनेलवेलीच्या बाजूने जाते. दिवसा सूर्यकिरणांनी आयनांबरात मुक्त झालेले इलेक्ट्रॉन त्या विषुववृत्तावर विद्युत्‌क्षेत्रामुळे वर उचलले जातात आणि मग चुंबकीय बलरेषांच्या उतारावरून उत्तरेस व दक्षिणेस ओघळतात. त्यामुळे खुद्द विषुववृत्तावर इलेक्ट्रॉनांची तूट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे पंधरा चुंबकीय अंशांवर त्यांचा डोंगर, अशी रचना होते. आपल्याकडे हा डोंगर साधारणतः अहमदाबाद, भोपाळ, कलकत्ता यांच्या पट्ट्यात माथा गाठतो. २१ अक्षांशांवरील नागपूर त्या डोंगराच्या दक्षिण उतारावर, माथ्याच्या जवळ आहे. म्हणजे थोडेसे अंतर तोडले तरी इलेक्ट्रॉनांची संख्या जेथे झपाट्याने बदलते, अशा जागी ते वसले आहे.

उपग्रहाच्या संकेताला या डोंगरातून वाट काढावी लागते. एका चौरस मीटरच्या स्तंभात दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन असले की त्याला एक एकक म्हणतात, आणि अशा प्रत्येक एककामागे जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्‌झच्या संकेताला सुमारे १६ सेंटिमीटरांइतका विलंब होतो. सौरडाग भरात असलेल्या वर्षी दुपारी माथ्याजवळ शंभर एककेही भरतात. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहाचे अंतर १६ मीटरांनी आणि क्षितिजाजवळच्या उपग्रहाचे त्याच्या जवळजवळ तिप्पट चुकते. जीपीएसबरोबर प्रसारित होणारे क्लोबुशर यांचे आठ गुणकांचे प्रतिमान या चुकीपैकी साधारण निम्मी दूर करते. अमेरिकेने २००० सालच्या मे महिन्यात संकेतांत हेतुपुरस्सर घातलेली अशुद्धी काढून टाकल्यानंतर तर उरलेल्या चुकांत आयनांबराची चूक सर्वांत मोठी ठरली. रस्त्यावरच्या मोटारीला दहा-पंधरा मीटरांचा फरक चालून जाईल. ढगांतून धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाला तो चालणार नाही.

या निकडीतून भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी संकेतांची दुरुस्ती पुरविणारी ‘गगन’ ही व्यवस्था उभारण्यास घेतली. २००७ पर्यंत चाललेल्या प्रायोगिक टप्प्यात दिल्ली, अहमदाबाद, कलकत्ता, गुवाहाटी, जम्मू, बंगळूर, तिरुवनंतपुरम व पोर्ट ब्लेअर अशी आठ संदर्भकेंद्रे होती. पूर्ण व्यवस्थेत ती पंधरा झाली, आणि वाढलेल्या सातांत नागपूर, गोवा, भुवनेश्वर, गया, दिब्रुगड, जैसलमेर व पोरबंदर यांचा समावेश झाला. संदर्भकेंद्राचे काम समजून घेतले की लॅम्बटनापासूनचा धागा आपोआप हाती येतो. केंद्रावरील अँटेनाचे स्थान काळजीपूर्वक मोजून आधीच कायम केलेले असते. उपग्रह कोठे आहे हेही ठाऊक असते. तेव्हा दोघांमधील खरे अंतर गणिताने निघते, आणि रिसीव्हरने मोजलेले अंतर त्याच्याशी ताडून पाहिले की तफावत हाती लागते. दोन निरनिराळ्या कंप्रतांना होणारा विलंब भिन्न असल्याने तफावतीतील आयनांबराचा वाटा वेगळा काढता येतो. ही आकडेवारी अखंड बंगळूरच्या मुख्य नियंत्रण केंद्राकडे जाते. तेथे ३५० किलोमीटर उंचीवर कल्पिलेल्या जाळ्याच्या प्रत्येक गाठीवर किती विलंब आहे आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, हे दोन्ही ठरते. आणि ती दुरुस्ती जीसॅट मालिकेतील भूस्थिर उपग्रहांमार्फत जीपीएसच्याच कंप्रतेवर देशभर प्रसारित होते. जाळ्याच्या गाठी पाच-पाच अंशांवर असतात. नागपूरच्या ऐन माथ्यावर असलेल्या उपग्रहाचा संकेत २० व २५ अक्षांश आणि ७५ व ८० रेखांश यांच्या चार गाठींमधून येतो. विमानातील रिसीव्हर त्या चारांचे प्रमाणशीर मिश्रण करून आपल्यापुरता विलंब काढतो.

येथेच खरी अडचण उभी राहिली. अमेरिकेची अशीच व्यवस्था २००३ पासून चालू होती, पण तिचे गणित मध्य अक्षांशांवरच्या, बहुतांशी सपाट अशा आयनांबरासाठी बेतलेले होते. चार गाठींच्या चौकोनातच जेथे इलेक्ट्रॉनांचा चढ आणि उतार सामावतो, त्या आपल्या आकाशाला ते लागू पडेना. म्हणून देशभर इलेक्ट्रॉनसंख्या मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे पसरून, इस्रोने एकाऐवजी अनेक थरांतील माहितीचा मेळ घालणारे स्वतंत्र प्रतिमान तयार केले. ३० डिसेंबर २०१३ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मार्गक्रमणासाठी, आणि २१ एप्रिल २०१५ रोजी उंचीच्या मार्गदर्शनासह धावपट्टीकडे उतरण्यासाठी या व्यवस्थेला प्रमाणपत्र दिले. विषुववृत्तीय आयनांबराखाली उंचीच्या मार्गदर्शनाचे असे प्रमाणपत्र मिळविणारी ही पहिली व्यवस्था होय, आणि तिच्या पंधरा साक्षीदारांत नागपूरची साक्ष आहे ही नागपूरकरांनी जाणून असावी अशी गोष्ट आहे.

विलंबाची दुरुस्ती करता येते. लुकलुकीची, म्हणजे संकेतबलाच्या जलद चढउताराची, तशी करता येत नाही. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबराच्या तळाशी विरळ वायूचे बुडबुडे निपजतात, शेकडो किलोमीटर वर चढतात, आणि बलरेषांना धरून उत्तरेस नागपूर-अहमदाबादच्या आकाशापर्यंत पसरतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या संपाताच्या महिन्यांत, विशेषतः सौरडाग वाढलेल्या वर्षी, त्यांचा उपद्रव सर्वाधिक. दुपारी शांतपणे सरळ रेषा काढणारा संकेतबलाचा आलेख अशा संध्याकाळी साडेसात-आठच्या पुढे एकाएकी दातेरी होतो, क्षणात शंभरपटीने कोसळतो, क्षणात सावरतो. आधी एका उपग्रहाचा, मग बुडबुडा पूर्वेकडे सरकत जाईल तसा दुसऱ्याचा. म्हणून रिसीव्हरची कसोटी घ्यावयाची ती याच वेळी. संकेताची नोंद सेकंदाला पन्नास वेळा करणारे विशेष रिसीव्हर त्यासाठी लावतात, दर मिनिटाला चढउताराचा निर्देशांक काढतात, आणि एकाच अँटेनाचा संकेत दोन यंत्रांत विभागून कोणते यंत्र कोणत्या क्षणी उपग्रह गमावते हे ताडून पाहतात. ध्वनिमुद्रणाप्रमाणे टिपून ठेवलेला तो संकेत पुढे प्रयोगशाळेत नव्या यंत्राला पुन्हा पुन्हा ऐकविता येतो, तसेच कृत्रिम लुकलुक मिसळणाऱ्या सिम्युलेटरवरही त्याची परीक्षा होते.

या परीक्षेत मुख्यतः तपासला जातो तो संकेताच्या कलेचा (फेजचा) माग ठेवणारा रिसीव्हरमधील मंडलाचा भाग. संक्रांतीला पतंग उडविणाऱ्याला हे पटकन समजेल: दोर फार ताठ धरला तर वाऱ्याच्या झोताने तो तुटतो, फार सैल सोडला तर पतंग हाताबाहेर जातो. मंडलाचा पट्टा अरुंद ठेवला तर गोंगाट गाळला जातो, पण कलेची जलद हालचाल निसटते. रुंद ठेवला तर हालचाल पकडता येते, पण गोंगाट आत शिरतो. मध्य अक्षांशांच्या शांत आकाशाखाली बेतलेले यंत्र आपल्याकडील चैत्रातल्या संध्याकाळी म्हणूनच डगमगते. त्याची पारख तेथल्या कारखान्यात होऊन भागत नाही, ती आपल्या आकाशाखालीच व्हावी लागते.

आणि पारख कशाची? यंत्र कधीही चुकणार नाही, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. मागावयाची हमी एवढीच की, आपण किती चुकू शकतो हे त्याने प्रत्येक क्षणी सांगावे, आणि चूक मर्यादेबाहेर गेली तर काही सेकंदांच्या आत आपल्यावर विसंबू नका असे बजावावे. २००३ च्या ऑक्टोबरअखेरीस सूर्यावरच्या उद्रेकाने आयनांबर ढवळून निघाले, तेव्हा अमेरिकेच्या व्यवस्थेने उंचीचे मार्गदर्शन दोन दिवसांत मिळून सुमारे सव्वीस तास बंद ठेवले. काहींना ते अपयश वाटेल. माझ्या मते तो त्या व्यवस्थेच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत मोठा पुरावा आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगड येथे इंडिगोचे एटीआर विमान ‘गगन’च्या आधाराने उतरले, तेव्हा वैमानिकाने उपग्रहाच्या आकड्याइतकाच त्या आकड्यामागच्या हमीवर विश्वास टाकला होता, आणि ती हमी संदर्भकेंद्रांच्या अखंड साक्षीतून आलेली होती.

ही साक्ष आज ज्या क्षणी दिली जाते त्या क्षणी कामी येते. पण तिचे मोल त्या क्षणापुरतेच समजणे ही मोठी नासाडी ठरेल. १८५९ च्या सप्टेंबरात कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूचीचे वाचन करणाऱ्यांना एका विलक्षण वादळाची नोंद हाताने करावी लागली. विमान, रेडिओ, उपग्रह यांतील काहीही तेव्हा अस्तित्वात नव्हते, आणि या आकड्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. २००३ साली संशोधक सुरुतानी यांच्यासह गुरबक्षसिंग लखिना व शोभना ॲलेक्स यांनी तीच पाने उलगडून दाखविले की, त्या दिवशी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खचले होते. आज जगभर उपग्रह, वीजवाहिन्या आणि मार्गनिर्देशन यांना सूर्याच्या कोपापासून किती धोका आहे याचा अंदाज बांधताना तो आकडा कमाल मर्यादेचा दाखला म्हणून घेतला जातो. नागपूरच्या आकाशातील विलंबाच्या आणि लुकलुकीच्या नोंदींनाही याच आदराने वागविले पाहिजे. सौरडागांचे एक आवर्तन अकरा वर्षांचे. एका अभ्यासकाच्या उमेदीत जेमतेम तीन आवर्तने येतात. तेव्हा या नोंदी खात्याच्या सोयीनुसार काही वर्षांनी मोडीत न काढता, यंत्र बदलताना मूसांप्रमाणे जुन्या-नव्याचा सांधा जुळवून, पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवाव्या आणि विद्यापीठांतील तरुण संशोधकांना विनासायास खुल्या कराव्या. आकाशाची चूक आज नेमकी मोजून लिहून ठेवली, तरच उद्याचे यंत्र कसोटीला लावावयास आपल्यापाशी स्वतःचे माप असेल. नाहीतर ते दुसऱ्याच्या आकाशावरून उसने आणावे लागेल.